चाबीमामांची वार्षिक परीक्षा

आमच्या वार्डात पाणी आलं की नाही, हे नळ उघडून बघायची कुणाला सवयच नव्हती. ते नगरपालिकेचे चाबीमामा सांगायचे. पहाटे व्हॉल्व्हच्या खड्ड्यात त्यांची ती लांबलचक लोखंडी चाबी फिरली की पाठोपाठ आवाज यायचा, "पानी आलं होऽऽ, उठा!" आणि गल्लीतल्या शेवटच्या घरातला बहिरा म्हातारासुद्धा बादली शोधायला लागायचा. माणूस दिसायला किडकिडीत, जेमतेम पाच फूट. एवढ्याशा छातीत हा आवाज ठेवायला जागा कुठे मिळाली, हे कोडं मला लहानपणी पडलं होतं आणि अजून सुटलेलं नाही.

ते माझ्या आईच्या गावचे, तिरोडीकडचे, म्हणून माझे मामा. मी मामा म्हणू लागलो आणि बघता बघता सगळा वार्ड म्हणू लागला, अगदी माझ्या सासऱ्यांसकट. मला ते 'भासेबुवा' म्हणत, म्हणजे भाचेबुवा. बालाघाटच्या बसस्टँडजवळ माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. त्यामुळे मामांनी जे जे उद्योग केले त्यांची पहिली प्रत माझ्याच हातात आली, मला हवी असो वा नसो.

या आवाजाला दुसरी नोकरीही होती, बिनपगारी. आमच्या विहारात भंते यायचे वर्षाकाठी एकदा. बाकीच्या दिवसांचं सगळं मामांच्या गळ्यावर. बारसं, लग्न, घरभरणी, मयत, पुण्यानुमोदन, कुठेही जा, पांढरा शर्ट घालून मामा हजर. त्रिशरण, पंचशील सगळ्यांनाच पाठ. पण त्यानंतरच्या गाथा फक्त मामांना यायच्या. त्यांच्या वडिलांनी दिलेली एक जुनी पुस्तिका होती, पालीतली, आणि ती त्यांनी पोरवयात पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत घोकली होती. अर्थ? अर्थाचं काय घेऊन बसलात! "अर्थ भंतेजीले माईत. आपन म्हनाचं काम कराचं," असं म्हणून ते विचारणाऱ्याला गप्प करत.

लग्नात मामांचं एक खास होतं. मंगल गाथा संपल्या, फुलं उधळली गेली की ते हात वर करून थांबवायचे आणि एक शेवटची गाथा म्हणायचे. चाल इतकी संथ आणि खोल की मांडवातल्या बायका पदर डोळ्यांना लावायच्या. वार्डात त्याला 'शेवटचं' म्हणत. नवरीकडचे लोक बैठकीतच अट घालायचे, "मामाचं शेवटचं पायजे." माझ्या लग्नात मामांचा घसा बसला होता आणि ते 'शेवटचं' टाळायला बघत होते, तर माझ्या सासूने कोमट पाण्याचा तांब्या पुढे करून ते वसूल केलं होतं. मामांनी म्हटलं, सासू रडली, मीही रडलो. आज विचार करतो तेव्हा वाटतं, देहाला आधीच कळतं काही काही.

मामांना शुभ-अशुभाचा मनस्वी राग. दारात लिंबू-मिरची दिसली की हात घालून काढायचे. मांजर आडवी गेली म्हणून थांबलेल्या माणसाला ते तिथेच अर्धा तास भाषण द्यायचे, म्हणजे मांजरीने फुकट घालवला असता त्याच्या कितीतरी पट वेळ मामा घालवायचे. पण या रागाची खरी परीक्षा झाली ती त्यांच्या एकुलत्या एका मुलीच्या, मायाच्या बाबतीत. तिचं लग्न मामांनीच लावलं. दोन वर्षांत जावई डेंग्यूने गेला. मयतीला जमलेल्या बायकांत कुजबुज सुरू झाली, पोरगी पांढऱ्या पायाची आहे म्हणून. मामा उठले. पाणी आल्याची वर्दी द्यायचे त्याच आवाजात म्हणाले, "मच्छरानं मेला तो. पायानं नाई. कोनाच्या तोंडातून दुसरं निंगालं तं माह्या दारात उभं राहाचं नाई!" कुजबुज जागच्या जागी मेली. माया नंतर किरनापुरला अंगणवाडीत लागली, एकटी राहू लागली, मान वर करून राहू लागली. बापाच्या त्या एका वाक्यावर ती उभी होती, हे आम्हाला तेव्हा नीटसं कळलं नव्हतं.

पुढे मामा निवृत्त झाले. चाबी दुसऱ्याच्या हातात गेली. नवा माणूस भला होता, पण ओरडायचा नाही, मोबाईलवर मेसेज टाकायचा, आणि अर्ध्या वार्डाला पाणी येऊन गेल्यावर तो दिसायचा. मामा मात्र सवयीने पहाटे उठायचे आणि काय करावं ते न सुचून मामीच्या कामात चुका काढायचे.

अशातच वार्डातल्या एका लग्नाला नागपूरहून नवरदेवाची आत्या आली. कॉलेजात पाली शिकवून निवृत्त झालेली, पांढऱ्या केसांची, हळू बोलणारी बाई. 'शेवटचं' झालं, बायकांचं रडणं झालं, पंगती बसल्या. आत्याबाई ताट बाजूला ठेवून मामांकडे आल्या. मी शेजारीच जेवत होतो.

"शेवटची गाथा फार छान म्हणता तुम्ही. ती लग्नात का घेतली?"

"का म्हंजे? मंगल आहे ते," मामा ताठ होऊन म्हणाले.

बाईंनी क्षणभर त्यांच्याकडे बघितलं. "बरं," म्हणाल्या आणि परत जेवायला गेल्या.

बस, एवढंच. दुसऱ्या कुणी असतं तर ढेकर देऊन विसरलं असतं. मामा आठ दिवस त्या 'बरं'भोवती फिरत होते. "भासेबुवा, बरं म्हंजे काय? चांगलं म्हटलं का वाईट म्हटलं?" मी म्हणालो, "मामा, त्यांनाच विचारा ना, नंबर काढून देतो." ते भडकलेच. "विचारलं का मानूस उघडा पडते. मी शिकतो. सालभरात पाली शिकतो. मंग त्या बाईले उत्तर देतो." एकसष्टाव्या वर्षी, शाळा आठवीत सोडलेला माणूस, शिक्षक नाही, सोबती नाही. मी मनात म्हटलं, पंधरा दिवस. मामीने मोठ्याने म्हटलं, "आठ."

आम्ही दोघेही तोंडावर आपटलो. मामांनी नागपूरहून येणाऱ्या एका ओळखीच्या ड्रायव्हरकडून पाली-हिंदी शब्दकोश मागवला, एक व्याकरण मागवलं आणि दोन्हींची पानं माझ्याकडून दुप्पट मोठी करून घेतली, कारण चष्म्याचा नंबर बदलायला ते तयार नव्हते. रोज पहाटे, जेव्हा पूर्वी चाबी फिरायची, त्या वेळेला विहाराच्या ओसरीत बसायचे आणि शब्द पाठ करायचे. तेही त्याच आवाजात! वार्ड पुन्हा वेळेवर उठू लागला. नव्या पाणीवाल्याचा मेसेज कुणी वाचेनासं झालं.

घरी त्यांनी मामीशी पालीत बोलायला सुरुवात केली. जेवायला बसले की "भत्तं" म्हणून हात पुढे करायचे. मामी म्हणायची, "भात म्हना, भात भेटन." मामा खुशीत येऊन मला सांगायचे, "पाह्य, आपलीच भाषा हाये ते! तुही मामी पालीच बोलून राह्यली, तिले माईत नाई." वास्तविक त्यांना ती भाषा इतकी आवडली याचं कारण वेगळं होतं. साऱ्या बालाघाट जिल्ह्यात त्या भाषेत त्यांच्याशी वाद घालू शकेल असा एकही माणूस नव्हता.

सर्वांत कहर म्हणजे परीक्षा. सहा महिने झाले आणि मामा दुकानात आले. हातात स्वतः काढलेला पेपर. "टाइप कर. शंभर मार्काचा. सहामाही." विद्यार्थी ते, पेपर काढणारे ते, तपासणारेही तेच. फक्त पर्यवेक्षक मामी, तीसुद्धा ओसरीत तांदूळ निवडत. तीन तास त्यांनी मान वर केली नाही. मग पेपर आठ दिवस कपाटात ठेवून दिला, कारण लगेच तपासला तर "आपल्याच अक्षराची दया येते." निकाल लागला, एकतीस. स्वतःच काढलेल्या पेपरात स्वतःच नापास झालेला मनुष्य मी तरी दुसरा पाहिला नाही. मी समजूत काढायला गेलो, "मामा, चार मार्क ग्रेस द्या ना, तुमच्याच हातात आहे." माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांच्या घरातून काही चोरताना सापडलो होतो!

'शेवटचं' मात्र त्यांनी वर्षभर वाचलं नव्हतं. म्हणजे तोंडाने म्हणत होते, अर्थ लावत नव्हते. वाटेत एखादा शब्द ओळखीचा निघाला तर चक्क कान बंद करून घ्यायचे. "ते वार्षिकले. शेवटचा प्रश्न, वीस मार्काचा. पूर्ण शिकल्यावरच त्याले हात लावीन." ताटातली खीर शेवटी ठेवून जेवणाऱ्यांपैकी होते ते.

वार्षिक परीक्षा झाली. आठ दिवसांनी, भर दुपारी मामा दुकानात आले. गिऱ्हाईक होतं, त्याचं होईपर्यंत निमूट उभे राहिले, आणि ते निमूट उभे आहेत याचीच मला भीती वाटली. पेपर पुढे ठेवला. बहात्तर. पास! शेवटच्या प्रश्नाला वीसपैकी वीस.

"अरे वा मामा! पेढे कुठे आहेत?"

"वाच," ते म्हणाले. ऐकूही येईना इतक्या हळू.

मी वाचलं. त्यांच्या बाळबोध अक्षरात लिहिलं होतं: जे बनलं ते टिकत नाही. उपजणं आणि सरणं हाच त्याचा स्वभाव. ते सारं शांत होणं, तेच सुख.

"मामा, हे तर…"

"मयतीचं आहे. लग्नात म्हनत आलो मी."

मग पुस्तिका काढली. पोरवयात, घोकायला घेण्याआधीच, तिची शिवण सुटली होती आणि मामांनी ती पोत्याच्या दाभणाने, सुतळीने परत शिवली होती. पानांचे आकडे उधईने खाल्लेले. दोन पानं अदलाबदल झाली होती. मथळा एका पानाच्या तळाशी आणि गाथा पुढच्या पानावर, त्यामुळे लग्नाच्या मथळ्याखाली मयतीचं आलं होतं आणि मयतीच्या मथळ्याखाली लग्नातला आशीर्वाद. म्हणजे तीस वर्षं मामांनी नवरा-नवरीला सांगितलं की सगळं सरणार आहे, आणि तिरडीवरच्या माणसाला दीर्घायुष्य, तेज, सुख आणि बळ चिंतलं. शंभराच्या वर लग्नं, मयती तर विचारूच नका. आणि साऱ्या वार्डात एकाला शंका आली नाही. उलट आम्ही वन्स मोअर घेत होतो.

मला हसू आवरेना. टेबलावर डोकं ठेवून हसलो. रात्रीपर्यंत कुठला धीर, संध्याकाळीच घरी जाऊन बायकोला सांगितलं, आपलं लग्न मयतीच्या गाथेवर लागलंय. ती कणीक मळता मळता म्हणाली, "तरीच."

मामा मात्र हसले नव्हते, आणि ते माझ्या लक्षात यायला मूर्खासारखे दोन दिवस गेले. आधी त्यांनी माझ्याकडून आत्याबाईंना एका ओळीचं पत्र टाइप करून घेतलं: 'आपण बरं म्हणालात ते बरोबर होतं.' मग त्यांनी लावलेल्या लग्नांच्या घरी ते एकेक करून जाऊ लागले. चहा घ्यायचे, इकडचं तिकडचं बोलायचे आणि मधेच विचारायचे, "बाकी तुमचं दोघायचं बरं चालू आहे न?" लोक चपापायचे. एका घरी नवरा-बायकोचं खरंच भांडण चालू होतं. मामा तिथे तीन तास बसले आणि ते मिटवूनच उठले. त्या बिचाऱ्यांना अजून माहीत नाही की त्यांच्या घरी मामा का आले होते. लग्न लावायचं आमंत्रण मात्र ते आता घेईनात. घसा गेला, म्हणायचे. एवढा धडधाकट घसा आणि हे खोटं!

जो मनुष्य लिंबू-मिरची हाताने तोडायचा, तो आता स्वतःच्या गाथेला घाबरत होता. एक दिवस दुकानाच्या बाकावर बसून त्यांनी मला ते सांगूनही टाकलं. "भासेबुवा, मायाच्या लग्नात मी तेच म्हटलं. दोन सालात सरलं. आन जावयाच्या मयतीत त्याले म्हनून राह्यलो का तुले लंबी उमर मिळो." माझं ते दोन दिवसांचं हसणं मला त्या बाकावर फार महाग पडलं. मी त्यांना चहा पाजला.

आणि नेमकं तेव्हाच मायाचं दुसरं लग्न ठरलं. राजेगावचा मुलगा, मोटर वाइंडिंगचं दुकान, शांत. त्याचंही पहिलं लग्न मोडलेलं. मायाने स्वतः पसंत केला. मी पत्रिकेचा नमुना दाखवायला मामांच्या घरी गेलो तेव्हा ती किरनापुरहून आलेली होती. मामा म्हणत होते, "गोंदियावरून कोनी चांगला मानूस बोलावू. मी नाई म्हनत."

रागावली की माया हिंदीत जायची. "आप नहीं बोलोगे तो कौन बोलेगा? सारी दुनिया की शादी में बोले, मेरी में गला बैठ गया?"

मामांनी माझ्याकडे बघितलं. मी पत्रिकेकडे बघितलं. मग त्यांनी तिला सगळं सांगितलं, पुस्तिका, सुतळी, दोन पानं, जावयाची मयत. एखादा लहान मुलगा शाळेतला गुन्हा कबूल करतो तसं, खाली बघत. मामी दारात उभी होती, तिच्या हातातलं सूप तसंच राहिलं.

मायाने विचारलं, "अर्थ काय त्याचा? पूरा सांगा."

मामांनी सांगितला. शब्द शब्द, विभक्ती विभक्ती करत, कारण वीसपैकी वीस होते.

"मंग यात खोटं काय हाये?" ती म्हणाली. आता ती आपल्या बोलीत आली होती. "सरते म्हने. सरलं. दुसऱ्या कोनं सांगतलं होतं मले लग्नात?"

"तसं नाई पोरी. मी वाईट म्हटलं आन वाईट झालं."

माया उभी राहिली. "बाबा, थे डेंग्यूनं गेले. तुमीच ओरडून सांगतलं होतं बायायले. त्या एका गोष्टीवर मी उभी आहो. इतकी वर्सं कोनं काई म्हटलं का मी म्हनो, माहा बाप म्हनते मच्छरानं मेला. आता तुमीच म्हनता का गाथेनं मेला. आज गाथेनं म्हनान, उद्या पायानं म्हनान. मंग त्या बायाच खऱ्या झाल्या न! मंग मी काहून लग्न करू? दुसऱ्यालेही माराले?"

मामा माझ्या हातातला पत्रिकेचा नमुना घेऊन उलटसुलट करू लागले. त्या पोरीचं सगळं आयुष्य ज्या एका माणसाच्या समजुतीवर टेकलेलं, तोच डळमळत होता.

"लग्नाचं बी म्हना, आन थे बी म्हना," माया म्हणाली. "सगळ्यायले अर्थ सांगून म्हना. नाई म्हटलं तं मी समजीन का माह्या बापाले बी मी पांढऱ्या पायाची वाटते."

लग्न आमच्याच विहारात लागलं. मंगल गाथा मामांनी या खेपेला बरोबर पानावरून म्हटल्या. फुलं पडली. लोक नेहमीसारखे 'शेवटच्या'साठी थांबले. मामा हात वर करून म्हणाले, "हे जे मी आतापावेतो लग्नात म्हनत आलो, थे मयतीचं आहे. मले माईत नोतं. चूक झाली, माफ करा. कोनाचं भलं याच्यानं झालं नाई, कोनाचं वाईट बी झालं नाई. माहा जावई डेंग्यूनं गेला." मग त्यांनी अर्थ सांगितला. मांडवात मागे बसलेली जोडपी एकमेकांकडे बघू लागली. कुणी हसलं नाही. माझ्या बायकोने माझा हात धरला, लोकांत, आमच्या वार्डात असं कुणी करत नाही.

मामांनी सुरू केलं. पहिली ओळ त्याच जुन्या आवाजात निघाली, भिंतीला लागून परत आली. दुसरीला आवाज फाटला. हजार वेळा म्हटलेली ओळ, पण अर्थ कळून पहिल्यांदा म्हणत होते, आणि समोर लेक उभी होती. ओठ हलत होते, आवाज बाहेर येत नव्हता. त्यांनी आमच्याकडे बघितलं, जणू आमच्यापैकी कुणाला पुढचं येत असेल. आम्हा कुणालाच येत नव्हतं.

मायाने हार सावरत त्यांच्या दंडाला हात लावला. "म्हना बाबा," ती म्हणाली. "मी उभीच आहो न."

मामांनी नाक पुसलं, आणि म्हटलं. पूर्ण म्हटलं.